बीओपी वेगळा, सक्सेस वेट वेगळं

सुपर जीटी ही जपानची मोटार शर्यतींची मालिका पाहणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "त्या गाडीला बीओपीने मारलं." बीओपी म्हणजे 'बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स', वेगवेगळ्या मॉडेलांचा वेग सारखा व्हावा म्हणून आयोजकांनी घातलेली बंधनं. बहुतेक वेळा ती गाडी जीटी५०० या वरच्या वर्गातली असते. आणि जीटी५००मध्ये बीओपी नसतोच! तिथे गाडीवर चढतं ते सक्सेस वेट, म्हणजे मिळवलेल्या यशाबद्दल लादलेलं जादा वजन. किलो दोन्हीकडे मोजतात म्हणून दोघांना एकच समजायचं, हा घोळ वर्षानुवर्षं चालत आलाय. त्यापायी चांगल्या ड्रायव्हरचं श्रेय जातं आणि चांगल्या हंगामाची मजाही जाते. म्हणून एकदा नीट मांडतो.

आधी बीओपी थोडक्यात. जीटी३ म्हणजे विक्रीच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेस गाड्यांचा वर्ग. कुठल्याही जीटी३ शर्यतीत फेरारी, पोर्शे, मर्सिडीज, निसान अशा वेगवेगळ्या घडणीच्या गाड्या एकत्र धावतात. त्यांचा वेग एका पातळीवर यावा म्हणून आयोजक प्रत्येक मॉडेलचं वजन, इंजिनात जाणारी हवा, टर्बोचा दाब, गाडीची जमिनीपासूनची उंची ठरवून देतात. २००६ साली जीटी३ सुरू झाली तेव्हापासून हे चालू आहे. त्यावर जास्त शब्द खर्च करत नाही.

खरी गोम एकाच प्रश्नात आहे: हे वजन कुणाच्या नावावर लिहिलंय? बीओपीचं वजन मॉडेलच्या नावावर असतं. सक्सेस वेट त्या एका नंबरच्या गाडीच्या नावावर असतं, तिने त्या हंगामात मिळवलेल्या गुणांवरून.

महालक्ष्मीला किंवा पुण्याला घोड्यांची रेस पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. काही शर्यतींत घोडीला घोड्यापेक्षा कमी वजन देतात. ती जिंकते की हरते याचा त्याच्याशी संबंध नाही. ती घोडी आहे, एवढंच कारण. हा झाला बीओपी. हँडिकॅप शर्यतीत मात्र ज्या जनावराने आधी चांगलं धावून दाखवलं, त्याच्या पाठीवर जास्त वजन. हे सक्सेस वेटच्या जातीचं. फरक इतकाच की घोड्यांचा हँडिकॅपर स्वतःच्या अंदाजाने रेटिंग लावतो, तर सुपर जीटीत अंदाजाला जागाच नाही. तिथे सरळ गुणाकार आहे.

आता गुणाकार करून पाहू. नियमांचे तपशील अधूनमधून बदलतात, म्हणून २०२० चा हंगाम धरतो. पहिल्या दहांना २०, १५, ११, ८, ६, ५, ४, ३, २, १ असे गुण. जीटी५००मध्ये दर गुणामागे २ किलो. पहिल्या रेसला सगळे कोरे. ती जिंकली की २० गुण, म्हणजे दुसऱ्या रेसला ४० किलो. एवढं ओझं घेऊन चौथा नंबर काढला तर आणखी ८ गुण. एकूण २८, म्हणून तिसऱ्या रेसला ५६ किलो. पण ५० किलोच्या पुढे हिशेब निव्वळ वजनाचा राहत नाही. काही भार इंजिनाला मिळणाऱ्या इंधनाच्या प्रवाहावर मर्यादा घालून वसूल करतात. सहाव्या रेसपर्यंत असंच चालतं. सातव्या रेसला गुणामागे १ किलो, म्हणजे निम्मं. आठव्या, शेवटच्या रेसला शून्य.

हा शेवटचा टप्पा लोक विसरतात, आणि माझ्या मते या पद्धतीतली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. हंगामभर पुढच्यांना ओझ्याने मागे ओढायचं आणि निकालाच्या दिवशी सगळ्यांच्या पाठी मोकळ्या करायच्या. सुपर जीटीत एक गाडी दोन ड्रायव्हर आळीपाळीने चालवतात. २०१८ साली मोटेगी ट्रॅकवरच्या शेवटच्या रेसला जेन्सन बटन आणि नाओकी यामामोतो यांची होंडा, आणि र्यो हिराकावा व निक कॅसिडी यांची लेक्सस (टोयोटाचाच ब्रँड), दोन्ही जोड्या बरोबर ६७ गुणांवर होत्या. दोन्ही गाड्या बिनवजनाच्या. होंडा तिसरी आली, लेक्सस चौथी, आणि ७८ विरुद्ध ७५ गुणांनी अजिंक्यपद बटन-यामामोतोंना मिळालं. तेव्हा "होंडाला वजनाची सवलत मिळाली" असं कुणी म्हणालं की मला खरंच वाईट वाटतं. त्या दिवशी ओझं दोघांच्याही गाडीत नव्हतं.

बीओपी आणि सक्सेस वेट दोन्ही एकाच गाडीवर बसतात ते सुपर जीटीच्या खालच्या, जीटी३०० वर्गात, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. या वर्गात जीटी३ गाड्याही धावतात, त्यामुळे बीओपी लागतोच. हात्सुने मिकू या जपानी आभासी गायिकेच्या रंगातली ४ नंबरची मर्सिडीज आणि लिऑन संघाची ६५ नंबरची मर्सिडीज घ्या. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या असल्या की बीओपी दोघींना सारखाच. सक्सेस वेट मात्र दोघींचं निराळं, कारण गुण निराळे. एक पुढे आणि दुसरी बरीच मागे असेल, तर त्याचं कारण बीओपी असूच शकत नाही. कुठलंही मत बनवण्याआधी त्याच मॉडेलची दुसरी गाडी कुठे आहे ते पाहावं. मी प्रत्येक रेसला आधी हेच पाहतो.

जीटी५००मध्ये टोयोटा, निसान, होंडा तिघेही एकाच नियमपुस्तकाप्रमाणे गाड्या बांधतात: सारखा कार्बनचा सांगाडा, दोन लिटरचं टर्बो इंजिन. मॉडेलनुसार समतोल साधायची गरजच कमी. एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. २०१९ पर्यंत होंडा एनएसएक्सचं इंजिन ड्रायव्हरच्या मागे होतं आणि त्यासाठी तिला जादा वजन वाहावं लागे. ते मॉडेलला चिकटलेलं, त्यामुळे पाचही होंडांना लागू. त्याच वर्षी आपला नारायण कार्तिकेयन ६४ नंबरच्या एनएसएक्समध्ये होता. ती गाडी गुणतक्त्यात खाली होती, म्हणजे तिचं सक्सेस वेट किरकोळ. तिच्या मागे पडण्याला सक्सेस वेट कारण ठरवणं चूक. इंजिनाबद्दलचा जादा भारही पुरेसं कारण नाही, कारण तो बाकीच्या चार होंडांनाही होता. टायरकडे पाहा. ती गाडी डनलॉपवर धावत होती. सुपर जीटीत टायर कंपन्यांची उघड स्पर्धा असते आणि तिचा फरक वजनाइतकाच मोठा पडतो.

ओझं कुठे जाणवतं हेही समजून घेण्यासारखं आहे. सुगो ट्रॅकवर शेवटच्या वळणानंतर १० टक्के चढ लागतो, तिथे प्रत्येक किलो बोलतो. सुझुकाच्या सलग वळणांत जड गाडी टायर लवकर खाते. फुजीला जवळपास दीड किलोमीटरची सरळ आहे. तिथे ४० किलो एक वेळ निभावून जातात, पण इंधनाचा प्रवाह कापलेली गाडी उघडी पडते. म्हणून ५० किलोच्या आतली गाडी आणि वरची गाडी मी कधीच एका मापाने तोलत नाही. भरपूर ओझ्यानिशी सुझुकाला आलेला सहावा नंबर मला हलक्या गाडीच्या विजयापेक्षा मोठा वाटतो.

ब्रिटिश जीटी या मालिकेत हा घोळ सहसा होत नाही. तिथेही बीओपी आहे आणि यशाचा दंडही आहे, पण दंड पिट स्टॉपमध्ये, म्हणजे शर्यतीत मध्येच गाडी थांबवतात तेव्हा, जादा सेकंद थांबून भोगायचा असतो. एकीकडे किलो, दुसरीकडे सेकंद, त्यामुळे गल्लत करायला वाव नाही. तरी मला जपानी पद्धत जास्त आवडते. पिटमधली सेकंदं ड्रायव्हरने नुसती बसून काढायची. वजन मात्र प्रत्येक वळणावर हाताळावं लागतं.

बीओपीत वेग लपवायचा मोह असतो. फार चमकलात तर पुढच्या वेळी आयोजक आवळतील ही भीती. सक्सेस वेटमध्ये लपवण्याने काही साधत नाही. वजन टाळायचं तर गुण सोडावे लागतात, आणि अजिंक्यपद गुणांवरच मिळतं.

जीटी५०० म्हणजे ५०० अश्वशक्ती, हा समजही सोडा. १९९६ साली नावं ठेवली तेव्हा तो अर्थ होता. आज या गाड्या त्याच्या बऱ्याच पुढे गेल्यात.

राहिला २०२० चा शेवट. २९ नोव्हेंबर, फुजी. सगळ्यांचं वजन शून्य. हिराकावाची ३७ नंबरची टोयोटा सुप्रा पुढे होती आणि रेषा ओलांडली की अजिंक्यपद तिचं. शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणातून बाहेर पडताना तिचं इंधन संपलं. मागून यामामोतो १०० नंबरची होंडा घेऊन आला आणि रेषेच्या काहीशे मीटर अलीकडे तिला मागे टाकून अजिंक्यपद घेऊन गेला. त्याचा जोडीदार होता तादासुके माकिनो, आदल्या वर्षी ६४ नंबरच्या गाडीत कार्तिकेयनसोबत असलेला.