कामगारांच्या इतिहासाचे संग्रहालय आणि सोलापूरची पार्श्वभूमी

मँचेस्टरच्या पीपल्स हिस्टरी म्युझियममध्ये कामगार संघटनांचे रंगवलेले भव्य कापडी फलक जतन केलेले आहेत. ते संघटनांनीच मोर्चांसाठी करवून घेतले होते, त्यामुळे कामगारांची बाजू तेथे त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळते. सोलापूरच्या कामगारांविषयीचे जुने कागद मात्र बरेचसे मालक, सरकार आणि पोलीस यांच्या दप्तरातले आहेत, आणि अशा संग्रहालयात जाणाऱ्या सोलापूरकराने हा फरक मनात ठेवूनच पाहायला हवे.

१८६० साली रेल्वे सोलापूरला पोहोचली. पुढे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने खेडी उघडी पडत असतानाच, १८७७ मध्ये, आज ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापड गिरणी सुरू झाली. नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील प्रौढ पुरुषांच्या कामावर मर्यादा घातली, तीही दिवसाला बारा तासांची.

या इतिहासातला सर्वांत कठोर भाग ‘सेटलमेंट’चा आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी अशा समाजांतील कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड ठेवले जाई, त्यांची हजेरी घेतली जाई, आणि त्यांच्यातले अनेक जण गिरणीत कामालाही जात; म्हणजे एकाच माणसाची नोंद कामगार म्हणून आणि जन्मजात संशयित म्हणूनही होत असे. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. असे हजेरीपट मांडणारे संग्रहालयाचे दालन सोलापुरात कधी झाले, तर त्यात या कुटुंबांनी सांगितलेल्या आठवणींना पटाच्या आधी जागा मिळाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

गांधीजींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये गिरणी कामगारांसह सारे शहर रस्त्यावर आले, ८ मे रोजी गोळीबार झाला आणि १२ मेपासून लष्करी कायदा लागू झाला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. हा प्रसंग शहराला पाठ आहे.

विडी वळणाऱ्या बायकांचे तसे नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांत पुरुष मागावर आणि बाई मांडीवर सूप घेऊन विड्यांवर, अशी कामाची विभागणी सोलापूरच्या पूर्वभागात पिढ्यानपिढ्या चालत आली. पत्र्याच्या मापाने तेंदूचे पान कापायचे, चिमूटभर तंबाखू भरून वळायचे आणि दोरा बांधायचा. मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे, आणि छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्या हिशेबात धरल्या जात नाहीत. हे काम घरात होते, म्हणून त्याला ना भोंगा होता ना फाटक, आणि इतिहासाच्या नोंदींतही ते मागेच राहिले. याच बायकांनी संघटना आणि सहकारी संस्थेच्या बळावर सोलापूरलगतच्या कुंभारी गावाजवळ कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १०,००० घरांची वसाहत मिळवली.