व्हिएन्ना, ३१ मार्च १९१३: अर्ध्यावर मोडलेल्या मैफलीची पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पाश्चात्त्य अभिजात संगीताचा विषय निघाला की पॅरिसमधला २९ मे १९१३ चा गदारोळ हमखास आठवतो. स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेचा तो पहिला प्रयोग. पण प्रयोग गोंधळात का होईना, पूर्ण झाला. त्याच्या दोन महिने आधी व्हिएन्नात म्युझिकफेराइनच्या मोठ्या सभागृहात झालेली मैफल मात्र पूर्ण होऊच शकली नाही. हाणामारी झाली, पोलीस आले आणि शेवटची रचना न वाजताच कार्यक्रम बंद पडला. मला ही संध्याकाळ पॅरिसपेक्षा मोठी वाटते, कारण तिची झळ एका तरुण रचनाकाराला आयुष्यभर लागली.

कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचे संचालक, होते रचनाकार आर्नोल्ड शोनबर्ग. कार्यक्रमात त्यांच्याच वर्तुळातल्या लोकांच्या रचना होत्या. आन्टोन वेबर्न आणि आल्बान बेर्ग हे त्यांचे शिष्य, झेमलिन्स्की त्यांचे मेहुणे आणि एके काळचे मार्गदर्शक. अखेरीस गुस्टाव माहलर यांची, मुलांच्या मृत्यूवरची गाणी व्हायची होती.

माहलर शोनबर्गचे भक्कम पाठीराखे होते. १९०७ मध्ये शोनबर्गची पंधरा वादकांसाठीची ‘चेंबर सिंफनी’ पहिल्यांदा वाजली, तेव्हा श्रोते उठून जाऊ लागले, खुर्च्यांचे आवाज करू लागले. माहलर यांनी त्यांना गप्प केलं आणि शेवटचा विरोधक बाहेर पडेपर्यंत ते टाळ्या वाजवत राहिले. पुढच्याच वर्षी शोनबर्गच्या दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटच्या (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेच्या) वेळी पुन्हा हशा, पुन्हा आरडाओरडा. त्यात गायिकेचा स्वर येतो आणि शेवटच्या भागात संगीत मूळ स्वराचा आधारच सोडून देतं. तानपुऱ्यावरचा षड्ज मध्येच बंद व्हावा आणि गाणाऱ्याने तरीही गात राहावं, तसं हे व्हिएन्नाच्या कानांना झालं असणार. त्यानंतर शहरात दोन तट पडले. नव्या संगीताच्या मैफलीला दोन्ही बाजू भांडणाच्या तयारीनेच येऊ लागल्या. मे १९११ मध्ये माहलर गेले आणि त्याच वर्षी शोनबर्ग बर्लिनला राहायला गेले.

मग २३ फेब्रुवारी १९१३ ला एक नवल घडलं. कंडक्टर फ्रान्झ श्रेकर यांनी शोनबर्गचं ‘गुरे-लीडर’ याच म्युझिकफेराइनमध्ये सादर केलं. मोठमोठे गायकवृंद, आठ बासऱ्या, दहा हॉर्न असा अवाढव्य पसारा, आणि श्रोत्यांनी ते अक्षरशः डोक्यावर घेतलं. शोनबर्गनी मात्र प्रेक्षकांकडे पाठ करून फक्त वादकांना अभिवादन केलं. इतक्या वर्षांची अवहेलना ते विसरले नव्हते. शिवाय गाजलेली ही रचना त्यांनी १९०० मध्ये सुरू केली होती. त्यांची स्वरभाषा तोवर तिच्यापासून फार लांब गेली होती. माझ्या मते पाच आठवड्यांनंतरच्या स्फोटाचं एक मोठं कारण इथेच आहे: लोकांनी जुन्या शोनबर्गला स्वीकारलं आणि समोर आला नवा.

३१ मार्चच्या मैफलीची सुरुवात वेबर्नच्या सहा तुकड्यांनी झाली. वाद्यवृंद भलामोठा, पण बरेचसे तुकडे मिनिट-दीड मिनिटाचे. वेबर्नची आई १९०६ मध्ये वारली होती आणि ते दुःख या संगीतात आहे. चौथा तुकडा म्हणजे अंत्ययात्राच. जेमतेम ऐकू येणारा मोठा ड्रम, गाँग आणि खोल घंटा यांनी तो सुरू होतो, फुंकवाद्यं हळूहळू सामील होतात आणि अखेर तालवाद्यं कान फुटतील इतकी चढतात. सभागृहात हशा पिकला तो या संगीताला.

खरा भडका बेर्गच्या गाण्यांनी उडाला. पेटर आल्टेनबर्ग हे कॉफीहाउसात रमणारे कवी. चित्र-पोस्टकार्डांवर लिहाव्यात तशा त्यांच्या छोट्या ओळींवर बेर्गने पाच गाणी रचली होती, त्यांतली दोनच त्या दिवशी घेतली होती. एक जेमतेम मिनिटभराचं. दुसऱ्याच्या आरंभी सप्तकातले बाराही स्वर एकदम वाजतात. कवीला आणि रचनाकाराला वेड्यांच्या इस्पितळात धाडा, अशा आरोळ्या उठल्या. आल्टेनबर्ग तेव्हा खरोखरच मनोरुग्णालयात होते. आयोजकांपैकी एर्हार्ड बुशबेक यांनी एकाच्या थोबाडीत मारली आणि प्रकरण पुढे कोर्टात गेलं. माहलरची गाणी राहूनच गेली.

शोनबर्गनी यातून धडा घेतला. १९१८ मध्ये त्यांनी खासगी सादरीकरणांची एक संस्था काढली. तिथे टाळ्याही नाहीत आणि शिट्ट्याही नाहीत, समीक्षकांना प्रवेश नाही आणि कार्यक्रमात काय आहे ते आधी सांगायचं नाही. या वर्तुळाचा एक धागा मुंबईपर्यंतही येतो. शोनबर्ग आणि वेबर्न यांच्याकडे शिकलेल्या हान्स स्वारोव्स्की यांच्या हाताखाली मुंबईचे झुबिन मेहता व्हिएन्नात कंडक्टर म्हणून घडले, आणि पुढे लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाकडून त्यांनी तीच ‘चेंबर सिंफनी’ ध्वनिमुद्रित केली.

‘राइट ऑफ स्प्रिंग’ वर्षभरातच पॅरिसच्या मैफलीत गाजलं, लोकांनी स्ट्राविन्स्कीला खांद्यावर घेतलं. बेर्गच्या वाट्याला हे आलं नाही. तो २८ वर्षांचा होता आणि ही त्याची वाद्यवृंदासाठीची पहिलीच रचना. काही आठवड्यांनी गुरूनेही या छोट्या आकाराच्या रचनांवरून त्याला सुनावलं. पाचही गाणी सलग ऐकायची संधी त्याला मिळाली नाही. १९३५ मध्ये तो वारला. ती पूर्ण सादर झाली १९५३ साली, रोममध्ये, याशा होरेनस्टाइन यांच्या संचालनाखाली.