कोणती कोरो?

‘कोरो’ भाषेची माहिती शोधायला बसलं की आधी ठरवावं लागतं, कोणती कोरो? एक अरुणाचल प्रदेशात बोलली जाते, दुसरी पापुआ न्यू गिनीत, तिसरी वानुआतूत, चौथी आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये. पापुआ आणि वानुआतूच्या कोरो निदान दूरच्या नात्यातल्या आहेत. बाकी दोघींचा या इतर कोरोंपैकी कुणाशीच संबंध नाही.

बरीचशी नावं शेजाऱ्यांनी ठेवलेली असतात, तिथेच घोळ सुरू होतो. ‘चोंताल’ हे मेक्सिकोतल्या नावाटल भाषेतून आलेलं नाव, अर्थ ‘परका’. ते दोन वेगळ्या समाजांना चिकटलं. ताबास्को राज्यातली चोंताल माया कुळातली, वाहाका राज्यातली नाही; कागदावर मात्र दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. ऑस्ट्रेलियातल्या गमिलराय भाषेचं नाव तर तिच्यातल्या ‘नाही’ या शब्दावरून पडलंय. ‘गमिल’ म्हणजे नाही.

मला सगळ्यात शिकवून गेली ती महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरची निहाली. तिचं नातं आजवर कोणत्याही भाषाकुळाशी सिद्ध झालेलं नाही. बोलणारे तिला ‘काल्टो’ म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला, पण नाव दिलं ‘नहाली’. आजच्या आंतरराष्ट्रीय यादीत ‘नहाली’ या नावाखाली वेगळीच, आर्य कुळातली भाषा आहे. एका वेलांटीच्या फरकानं भलत्याच भाषेची माहिती हाती येते आणि चूक लक्षातही येत नाही.

म्हणून भाषेचं नाव सापडलं की लगेच तिचा संकेत शोधावा. आयएसओ ६३९-३ या मानकात प्रत्येक भाषेला तीन अक्षरं दिलेली असतात: निहालीला एनएलएल, नहालीला एनएलएक्स. ग्लॉटोलॉग ही सूची मला जास्त भरवशाची वाटते, कारण भाषेवर कुणी काय लिहिलंय हेही ती सांगते.

संकेत नसलेल्या जुन्या नोंदी आल्या की उरतात शब्दयाद्या. ‘मी’, ‘तू’, ‘डोळा’, ‘पाणी’ असे शब्द ताडून पाहायचे. आकड्यांवर विसंबू नये, ते उसने घेतलेले असू शकतात. निहालीत दोन ते चार हे आकडे द्राविडी वळणाचे आहेत, तर पाचपासून पुढचे आर्य भाषांतून आलेले.

याद्याही फसवतात. ॲमेझॉन खोऱ्यातल्या कित्येक भाषांत नुसतं ‘हात’ म्हणताच येत नाही, कुणाचा ते शब्दातच जोडावं लागतं. शब्द टिपायला आलेल्या पाहुण्यानं स्वतःच्या हाताकडे बोट दाखवलं की उत्तर येतं ‘तुझा हात’. दुसऱ्यानं समोरच्याच्या हाताकडे बोट दाखवलं, तर त्याच्या वहीत ‘माझा हात’ उतरतो. वरवर पाहता त्या दोन निराळ्या भाषांच्या याद्या वाटतात. पण शब्दांच्या सुरुवातीची ‘माझा’ आणि ‘तुझा’ची अक्षरं खोडली की खाली तेच शब्द दिसू लागतात.