संज्ञाप्रवाह आणि फ्री इनडायरेक्ट: 'मिसेस डॅलोवे' नेमकी कशात बसते?

व्हर्जिनिया वुल्फची 'मिसेस डॅलोवे' ही संज्ञाप्रवाही (stream of consciousness, म्हणजे पात्राच्या मनातले विचार जसे येतात तसेच मांडणारी) कादंबरी, हे इंग्लिश साहित्याच्या नोट्समध्ये इतक्यांदा येतं की कोणी तपासून बघायच्या भानगडीतच पडत नाही. पण १९२५ ची ही कादंबरी उघडून बघा, जवळपास सगळी 'ती' आणि 'तो' मध्ये आहे, भूतकाळात आहे. क्लॅरिसा, म्हणजे मिसेस डॅलोवेच, सकाळी फुलं आणायला निघते, काय मजा आहे असा उद्गार येतो, आणि लगेच मागून निवेदक सांगतो की तिला नेहमी असंच वाटत आलेलं. उद्गार तिचा, व्याकरण निवेदकाचं. 'तिला वाटलं की' हे शेपूट न लावता तिचं मन तृतीयपुरुषात मांडायचं, याला म्हणतात फ्री इनडायरेक्ट.

आता जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' (१९२२) चं शेवटचं प्रकरण घ्या. मॉली ब्लूम रात्री अंथरुणात पडलीये, आठ लांबच लांब वाक्यं, विरामचिन्हं जवळपास नाहीतच, आणि सगळं 'मी'. मध्ये निवेदक नाहीच. संज्ञाप्रवाहाचं टोक म्हणजे हे.

मनातलं कागदावर दोन्हीकडे येतं म्हणून लोक गल्लत करतात, आणि मराठीत तर ती जास्तच होते कारण 'आता काय करायचं, उशीर तर झालाच' या वाक्यात 'मी' पण नाही, 'ती' पण नाही, काळही बदलत नाही. इंग्लिशमध्ये सर्वनाम आणि काळ लगेच सांगून टाकतात. गोंधळ तसा जुनाच म्हणा, १९१८ मध्ये लेखिका मे सिंक्लेअरने संज्ञाप्रवाह हा शब्द डोरोथी रिचर्डसनच्या कादंबऱ्यांसाठी वापरला, आणि त्यांच्यातही 'ती' भरपूर आहे. जॉइस तर एकाच परिच्छेदात दोन्ही करतो: मॉलीचा नवरा ब्लूम रस्ता ओलांडून उन्हाच्या बाजूला गेला हे निवेदक सांगतो, आणि पुढच्याच वाक्यांत, अवतरणचिन्ह वगैरे काही नाही, आज उकडणार बहुतेक हे ब्लूमचं स्वतःचं. त्यामुळे अख्ख्या पुस्तकावर एकच लेबल लावू नका, वाक्य बघा.

आणि फ्री इनडायरेक्ट मॉडर्निझमने, म्हणजे वुल्फ-जॉइसच्या पिढीच्या साहित्यप्रवाहाने, शोधलेलं नाही बरं का. जेन ऑस्टिनच्या 'एमा' मध्ये, म्हणजे शंभरेक वर्षं आधी, ते पक्कं बसलेलं आहे. मिस्टर एल्टनचं लक्ष आपल्या मैत्रिणीवर, हॅरिएटवर आहे ही एमाची खात्री निवेदक अशा सुरात मांडतो की आपणही फसतो. पण ऑस्टिनच्या निवेदकाला खरं काय ते ठाऊक असतं, आणि एमाचे डोळे उघडतात तेव्हा आपलेही उघडतात.

वुल्फ इथेच वेगळी पडते आणि मला ती सगळ्यात जास्त इथेच आवडते. तिचा निवेदक कोणाला दुरुस्त करत नाही, तो एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जातो. लंडनच्या आकाशात विमान धुराने अक्षरं काढतं, खाली उभा प्रत्येकजण वेगळं काहीतरी वाचतो, आणि आपण त्या सगळ्यांच्या मनात एकेक करून जाऊन येतो. फक्त क्लॅरिसाचा 'मी' घेतला असता तर युद्धावरून परतलेला सेप्टिमस आपल्याला भेटलाच नसता, कारण ती दोघं एकमेकांना कधी भेटतच नाहीत. त्याच्या मृत्यूची बातमी तिच्या पार्टीत येते, ती एकटीच छोट्या खोलीत जाते आणि त्याला काय वाटलं असेल याचा अंदाज बांधते, आणि आपण त्याच्या मनात राहून आलेलो असतो म्हणून तिने किती बरोबर ओळखलंय ते आपल्यालाच कळतं, तिला कधीच कळणार नसतं.