हळू संगणक नेमकी कशाची वाट पाहतो?

आमचा घरचा डेस्कटॉप आठ वर्षांचा झाला तेव्हा बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत तीन मिनिटं सहज जायची. तेवढा वेळ कॅबिनेटवरचा बारीक दिवा लुकलुकत राहायचा आणि आतून डिस्कची कुरकुर ऐकू यायची. नवीन घ्यायलाच हवा यावर घरात एकमत झालं होतं. एके दिवशी तो असाच अडकलेला असताना मी टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे संगणकाचा कुठला भाग किती गुंतलाय ते दाखवणारी खिडकी. प्रोसेसरचा वापर ९ टक्के, डिस्कचा १०० टक्के.

या दोन आकड्यांत घरगुती संगणकाच्या खरेदीचं बरंचसं उत्तर आहे. घरचा संगणक रेंगाळतो तेव्हा त्याला हिशेब जड जात असतो असं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा त्याचा प्रोसेसर रिकामा बसून माहिती येण्याची वाट पाहत असतो. त्यामुळे मोजके पैसे असतील तर ते ही वाट कमी करणाऱ्या भागांवर आधी घालावेत, असं माझं ठाम मत आहे.

ही वाट किती मोठी असते? ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ४०० कोटी ठोके घेतो. एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा, आणि तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसात सेंटीमीटर जातो. आता हा एक ठोका एक सेकंदाचा आहे असं समजू. त्या मापाने रॅममधून, म्हणजे चालू कामाची माहिती ठेवणाऱ्या तात्पुरत्या मेमरीतून, माहिती यायला पाच-सहा मिनिटं लागतात. साध्या एसएसडीतून, म्हणजे चिपांवर कायमची साठवण करणाऱ्या डिस्कमधून, यायला चार-पाच दिवस. आणि फिरत्या हार्ड डिस्कमधून? सुमारे दीड वर्ष.

हे दीड वर्ष कुठून येतं ते डिस्कच्या रचनेतच दिसतं. आतली चकती मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, आणि त्याआधी ते टोक धरणारी दांडी योग्य वर्तुळावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद जातात. मिळून बारा-तेरा मिलिसेकंद. विखुरलेल्या जागांवरून वाचायचं असेल तर सेकंदाला ऐंशीच्या आसपासच जागा वाचून होतात. संगणक सुरू होताना हजारो लहान लहान फायली अशाच विखुरलेल्या जागांवरून वाचल्या जातात. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं मावत. त्यानंतर साठवण अफाट वाढली, पण चकती फिरण्याची आणि दांडी सरकण्याची वाट काही टळली नाही.

एसएसडीत हलणारं काहीच नाही. तिच्यातली फ्लॅश मेमरी ही तोशिबामधले फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात दिलेली देणगी. विद्युतरोधक थरांच्या मध्ये इलेक्ट्रॉन कोंडायचे आणि तिथे किती आहेत यावरून शून्य की एक ते ओळखायचं, ही तिची युक्ती. वीज गेली तरी ते तिथेच राहतात. लिहिता-पुसताना तो रोधक थर थोडा थोडा झिजतो, म्हणून एसएसडी लवकर मरते अशी भीती अजूनही ऐकू येते. आकडे पाहिले की ती निवळते. ५०० जीबीच्या बऱ्याच एसएसडींना ३०० टेराबाइट (टीबी), म्हणजे तीन लाख जीबी, लिहिण्याची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं तरी ती मर्यादा गाठायला ४० वर्षं लागतील. घरच्या वापरात सहसा रोज एवढं लिहिलं जात नाही. अर्थात एसएसडी इतर कारणांनी अचानक बंद पडू शकते, त्यामुळे फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या जागी हवीच.

स्वस्त संगणकाच्या जाहिरातीत ‘१ टीबी’ असं ठळक लिहिलेलं दिसलं तर ती हार्ड डिस्क आहे की एसएसडी ते आधी विचारा. १ टीबीच्या हार्ड डिस्कपेक्षा २५६ जीबीची एसएसडी घरात जास्त सुख देते. त्यातही जोडणीचे दोन प्रकार आहेत. साटा प्रकार सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटपर्यंत वाचतो आणि एनव्हीएमई प्रकार कित्येक हजार मेगाबाइट, पण पत्र लिहिणं, बँकेचं काम, व्हिडिओ पाहणं यांत हा फरक फारसा जाणवत नाही. अगदी स्वस्त छोट्या संगणकांत मात्र ईएमएमसी नावाची मेमरी मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किटवर, डकवलेली असते. ती संथ असते आणि नंतर बदलता येत नाही. ती टाळा.

दुसरी वाट रॅमची. रॅमचा प्रत्येक कप्पा म्हणजे एक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा सूक्ष्म स्विच, आणि विद्युतभार साठवणारा एक इवलासा धारित्र (कपॅसिटर). ही कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, १९६०च्या दशकातली. धारित्रातला भार गळत राहतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळे कप्पे पुन्हा भरावे लागतात आणि वीज गेली की सगळं पुसलं जातं. रॅम अपुरी पडली तर संगणक बंद पडत नाही. तो वापरात नसलेला मजकूर उचलून डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. म्हणजे पाच मिनिटांच्या जागी एकदम काही दिवसांची वाट. ब्राउझरचा एकेक टॅब शेकडो मेगाबाइट घेतो, शिवाय व्हिडिओ कॉल चालू असतो. ८ जीबीत आज काम भागतं, १६ जीबीत निवांत भागतं. आत्ता ८ च परवडत असेल तर रॅमचा एक स्लॉट मोकळा आहे ना, एवढं पाहून घ्या.

आता प्रोसेसर. दुकानात सर्वांत जास्त बोलणं याच्यावरच होतं. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला वीजही त्याच प्रमाणात कमी लागते, हा नियम याच डेनार्ड यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७४ मध्ये मांडला. त्याच्या जोरावर तीस वर्षं ठोक्यांचा वेग वाढत गेला. २००५च्या सुमारास विजेची गळती आणि उष्णता यांमुळे तो नियम थकला. २००४ मध्येच ३.८ गिगाहर्ट्झचे प्रोसेसर मिळत होते. आजचेही त्याच्या दुपटीपर्यंत पोचलेले नाहीत. सुधारणा झाली ती एका ठोक्यात जास्त काम करण्यात आणि कोर, म्हणजे एकाच चिपमधले स्वतंत्र हिशेब करणारे भाग, वाढवण्यात. म्हणून इंटेलच्या प्रोसेसरचं नुसतं ‘आय७’ हे नाव ऐकून भुलू नका, पुढचे आकडे वाचा. २०१७चा आय७-७७०० आणि २०२२चा आय३-१२१०० हे दोन्ही चार कोरांचे, पण नवा आय३ जुन्या आय७च्या पुढे आहे. आकड्यांच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग, नाही. वेगळं कार्ड घातल्याशिवाय चित्र दिसणार नाही. बाकी प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स घरच्या कामाला पुरतं. ते स्वतःसाठी रॅमच वापरतं, त्यामुळे १६ जीबीची एक स्टिक घेण्याऐवजी ८-८ च्या दोन घेतल्या तर त्याला माहिती दोन वाटांनी मिळते.

वापरलेला ऑफिसचा डेस्कटॉप घेणं हा मला सर्वांत शहाणा सौदा वाटतो, पण दोन गोष्टी तपासूनच. विंडोज १०चं नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. वरचा आय७-७७०० सातव्या पिढीचा, म्हणजे तिथेच अडला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली मात्र उत्तम चालते. दुसरी गोष्ट घड्याळाची. मशीन प्लगमधून काढून पुन्हा लावल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे गेली तर मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल, सीआर२०३२, संपलेला असतो. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळंही उघडेनाशी होतात, आणि माणूस इंटरनेटला दोष देत बसतो. सेल बदलायला पाच मिनिटं लागतात.

जुन्या टॉवरची आणखी एक किंमत असते, विजेची. रिकामा बसून ५० वॅट खाणारा टॉवर रोज आठ तास चालला तर वर्षाला १४६ युनिट होतात. लॅपटॉपचा प्रोसेसर घातलेला मिनी पीसी १० वॅटवर बसला तर २९. दिवसभर संगणक चालू राहणाऱ्या घरात हा फरक मोजावा, तासभर वापरणाऱ्याने सोडून द्यावा.

आणि वाचलेले पैसे पडद्यावर घाला. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं बारीक ओळखतो. ६० सेंटीमीटरवरून ते ०.१७ मिलिमीटर होतं. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या २४ इंची पडद्यावर एक ठिपका ०.२८ मिलिमीटरचा असतो, २७ इंचीवर ०.३१ चा. ठिपके तेवढेच ठेवून पडदा मोठा घेतला की अक्षरांच्या कडा खरबरीत दिसू लागतात, आणि देवनागरीतली रफार, उकार, जोडाक्षरं आधी बिघडतात. २७ इंच हवाच असेल तर २५६० गुणिले १४४० चा घ्या.

आमच्या मशीनची गोष्ट राहिली. जुन्या डिस्कवरचं सगळं एसएसडीवर उतरवून घेतलं, बाजूचं झाकण उघडून चार स्क्रू काढले आणि दोन केबली नव्या डिस्कला लावल्या. बटण दाबलं. कुरकुर नाही, आणि विसाव्या सेकंदाला पासवर्डची चौकट समोर. प्रोसेसर तोच, आठ वर्षांचा. नवा डेस्कटॉप आम्ही घेतला तो त्यानंतर तीन वर्षांनी.