टक्क्यांचा दाखला आणि राहून गेलेली तब्येत

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) असलेल्या माणसाच्या आरोग्याचा विषय सोलापुरात निघाला की आधी विचारतात, "अपंगत्वाचं सर्टिफिकेट किती टक्क्यांचं आहे?" फिटची गोळी चालू आहे का, दातांचं काय, थायरॉइड कधी तपासला होता, हे त्यानंतर, आणि तेही विचारलंच तर. ही सवय जुनी नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ती लागली, आणि एका सरकारी तक्त्याचा त्यात मोठा वाटा आहे.

त्याआधीचं थोडक्यात. १९१२ च्या इंग्रजी अमदानीतल्या वेड्यांच्या कायद्यात मनोरुग्ण आणि जन्मतः बौद्धिक वाढ कमी असलेली माणसं एकाच खात्यात होती. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही दुसरी माणसं व्याख्येतून स्पष्टपणे बाहेर काढली. हे योग्यच झालं. हा आजार नाही, हे कायद्याने मान्य केलं. पण आजार नाही म्हटल्यावर दवाखान्याचा संबंधही पातळ झाला. 'मतिमंद मुलांची शाळा' हा तेव्हाचा शब्द. या शाळा समाजकल्याण खात्याकडे होत्या, आणि मुलाची तब्येत ही घरच्यांची बाब राहिली.

सोलापुरात आणखी एक गोष्ट होती. पूर्व भागातल्या विणकर घरांत आणि विडी कामगारांच्या वस्त्यांत काम घरातच चालायचं. कांड्या भरणं, टॉवेलच्या घड्या घालणं, विडीची पानं कापणं ही कामं सौम्य अक्षमता असलेल्या मुलालाही सवयीने जमायची. 'जरा मंद आहे, पण हाताला चांगला आहे' एवढ्यावर विषय संपायचा. त्याला दाखला लागत नव्हता, कारण दाखवायचा कुणाला? मूल शाळेत बसू लागलं, नापास होऊ लागलं आणि बाई पालकांना बोलावू लागल्या, तेव्हा त्याला काय झालंय याला नाव द्यायची गरज पडली. १९८४ साली सिकंदराबादला या विषयाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या कुटुंबांना ती एका परीने मुंबईहून जवळची होती. गाडी सरळ जाते आणि तिथे भाषेचा अडसर नाही. भाषेचं महत्त्व पुढे येईलच.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकार ठरवले आणि सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांची रेघ मारली. पाय किंवा कान टक्क्यांत मोजता येतो, निदान तसं मानता तरी येतं. बौद्धिक अक्षमतेचे टक्के काढायचे कसे? २००१ च्या मार्गदर्शक सूचनांनी सोपा तोडगा काढला. बुद्ध्यांक ५० ते ६९ असेल तर ५० टक्के, ३५ ते ४९ असेल तर ७५, २० ते ३४ असेल तर ९० आणि त्याखाली १००. म्हणजे बुद्ध्यांक ५० आला तर ५० टक्के आणि ४९ आला तर थेट ७५. एका गुणाने पंचवीस टक्क्यांची उडी! आणि ७० आला तर हाती काहीच नाही. त्या मुलाला ना एसटीची सवलत, ना अनुदान. पुढे आयकराच्या सवलतीत ८० टक्क्यांची दुसरी रेघ आली, तिची भर वेगळीच.

हा आकडा कुठल्या भाषेत काढायचा हे मात्र तक्त्यात नव्हतं. आपल्याकडे सर्रास वापरली जाते ती बिने-कामत चाचणी. मूळ परदेशी चाचणीचं कानडी आणि मराठी रूपांतर १९३० च्या दशकात धारवाडकडे झालं. त्या अर्थाने ती सोलापूरच्या शेजारची. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या कानडी घरातल्या मुलाला ती कानडीत देता येते. पण घरी तेलुगू आणि शाळेत मराठी असलेल्या मुलाचं काय? शब्दांचे अर्थ सांग, वाक्य जसंच्या तसं म्हण, आकडे उलटे म्हण, असे प्रश्न मराठीत विचारले तर मोजली जाते ती बुद्धी की मराठी, हे चाचणी घेणाऱ्यालाही सांगता येत नाही. उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलाचीही तीच गत. लाकडी फळीत दहा आकार घड्याळ लावून बसवायची सेगॅंची फळी आहे. तिला भाषा लागत नाही, पण ती लहान मुलांसाठी आणि एकाच प्रकारचं कौशल्य पाहणारी. मग शेवटी आकडा बसतो तो चाचणी घेणाऱ्याच्या अनुभवावर. अनुभवी माणूस मुलाच्या आजीला आत बोलावून तिच्याकडून तेलुगूत विचारून घेतो. नियमात हे बसत नाही, पण मला हाच न्याय वाटतो.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, प्रकार सातांचे एकवीस झाले, आणि जानेवारी २०१८ च्या सूचनांनी तक्ता बदलला. आता टक्के बुद्ध्यांकावरून नव्हे, तर रोजच्या जगण्यातल्या क्षमतेच्या गुणांवरून ठरू लागले. त्यासाठीची प्रश्नावली नागपुरात १९६० च्या दशकात भारतीय मुलांसाठी बेतलेली, ८९ प्रश्नांची. ती मुलाला नाही, आईला विचारतात. स्वतःच्या हाताने जेवतो का? बटणं लावतो का? गल्लीत एकटा जाऊन येतो का? तत्त्व म्हणून हा बदल मोठा आणि चांगला. प्रत्यक्षात मोजमापाचा सगळा भार आईच्या उत्तरावर आला. ज्या घरात बारा वर्षांच्या मुलालाही आई भरवते, तिथे 'नाही' हे उत्तर मुलाच्या क्षमतेचं की आईच्या सवयीचं? आणि रांगेतल्या बायका एकमेकींना सांगतातच, "येत नाही म्हणून सांगा, टक्के वाढतात." याला लबाडी म्हणणं सोपं आहे. पण ज्या व्यवस्थेत मुलाला नवं काही येऊ लागलं की कागदावर तोटाच होतो, तिथे आयांना दोष देण्यात अर्थ नाही. २०१८ च्या तक्त्यात ७० ते ८४ गुणांना २५ टक्के ठेवले, म्हणजे ४० च्या रेघेखालीच. स्वमग्नतेसाठी ४० प्रश्नांचं वेगळं भारतीय मोजमाप २०१६ साली अधिकृत झालं, पण त्याचाही शेवट टक्क्यांतच.

या सगळ्यात तब्येत कुठे होती? अगदीच नव्हती असं नाही. याच माणसांसाठी केलेल्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली २००८ साली 'निरामय' विमा आला. वर्षाला एक लाखापर्यंत, वयाची अट नाही, आधीपासूनच्या आजाराची आडकाठी नाही, थेरपीचा खर्चही धरलेला. विमा कंपन्या ज्यांना दारात उभं करत नव्हत्या त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट. मेख अशी की आधी खर्च करा, मग बिलं पाठवा. यंत्रमागावर हप्त्याने पगार घेणाऱ्याला 'आधी' हाच शब्द जड जातो. २०१३ पासून अंगणवाडी-शाळांत बालकांची तपासणी सुरू झाली. त्यात विकासातला उशीर हा एक मुद्दा ठेवला आणि जिल्हा पातळीवर लवकर उपचाराची केंद्रं आली. पण ही योजना अठरा वर्षांपर्यंतच. २०१६ च्या कायद्यात तपासणीत प्राधान्याची तरतूद आहे. केसपेपरच्या खिडकीपाशी ती किती जणांना माहीत असते, हा भाग वेगळा.

अलीकडच्या घडामोडी मुख्यतः पैशांच्या आणि कागदांच्या. २०२१ पासून दाखला देशाच्या एकाच संकेतस्थळावरून मिळू लागला, कार्डं रंगांची झाली. ४० ते ८० टक्क्यांच्या आत पिवळं, वर निळं. राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग डिसेंबर २०२२ मध्ये झाला. २०२५ मध्ये निराधार योजनेतलं दिव्यांगांचं मासिक अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. मोर्चे निघाले ते यांसाठी, आणि ते रास्तच होते. वर्षातून एकदा दात-डोळे-थायरॉइड तपासा म्हणून मोर्चा निघत नाही.

२०१८ च्या सूचनांत आणखी एक कलम होतं, त्याकडे कमी लक्ष गेलं. पाच वर्षांपर्यंत मुलाला फक्त 'विकासात उशीर' असा दाखला द्यायचा, पुढे पाच, दहा आणि अठरा वर्षांना पुन्हा तपासायचं, आणि अठराव्या वर्षीचा दाखला कायमचा. पालकांनी सुटकेचा श्वास टाकला, कारण फेऱ्या संपल्या. पण त्या फेऱ्यांच्या निमित्तानेच तर डॉक्टर त्या मुलाला पाहत होते. त्याच सुमारास शाळाही सुटते. डाउन सिंड्रोम (बौद्धिक अक्षमतेचं एक जन्मजात कारण) असलेल्यांत थायरॉइडचा त्रास इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो आणि स्मृतिभ्रंश चाळिशी-पन्नाशीतच सुरू होऊ शकतो. येत असलेली बटणं लावता येईनाशी होतात, गल्लीतली वाट चुकते. घरचे म्हणतात, "त्याचं तसंच असतं." अठराव्या वर्षीच्या दाखल्यावर तेव्हाही ७५ टक्केच लिहिलेले असतात, आणि पुन्हा तपासायला या असं कुणीच कळवत नाही.