अक्षरे जोडून शब्दवाचन व लेखन

अक्षरओळख झालेल्या मुलाला दोन-तीन अक्षरी शब्द उच्चारून वाचायला आणि ऐकलेला शब्द पाटीवर लिहायला शिकविण्याची प्रक्रिया. साधारणपणे पहिलीच्या वर्गात ती जोर धरते. सोलापुरात मराठीच्या शेजारी तेलुगू, कन्नड आणि उर्दू या भाषा घराघरांत नांदत असल्यामुळे तेथील मराठी शाळांत तिला वेगळे वळण मिळते.

देवनागरीत सुट्या अक्षराचे नाव हाच त्याचा उच्चार असतो. त्यामुळे ‘घ, र – घर’ ही जोडणी सोपी वाटते, परंतु खरी अडचण येथेच आहे. सुटा ‘र’ म्हणताना त्यात ‘अ’ मिसळलेला असतो आणि शब्दाच्या शेवटी आल्यावर तो ‘अ’ बोलण्यातून गळतो, पण लिहिताना ‘र’चा पाय मोडत नाहीत. ‘कमळ’ लिहिताना तीन अक्षरे, बोलताना दोनच ठेके. ‘सरबत’मध्ये तर मधल्या ‘र’चा ‘अ’देखील जातो. हे नियम सांगून मुलाला कळत नाहीत. अक्षरे आधी सुटी, मग जवळजवळ आणि शेवटी एका दमात म्हणवून घेतली व शब्द मुलाच्या ओळखीचा असला, तर कानच उच्चार दुरुस्त करतो. म्हणून आरंभीचे शब्द रोजच्या बोलण्यातलेच निवडावेत.

पूर्वी मुळाक्षरे व बाराखडी पाठ झाल्यावरच शब्दांकडे वळत. अक्षरगटाच्या पद्धतीत मोजकी अक्षरे शिकवून लगेच शब्द बनवितात आणि हीच पद्धत अधिक फलदायी आहे, कारण मुलाला वाचण्याचा अर्थ पहिल्या आठवड्यांतच उमगतो. ‘क, म, ळ, न, घ, र’ एवढ्यांवर घर, नळ, मन, नरम, कमळ हे शब्द होतात. काना येताच काम, माळ, नाक, कान, घार यांची भर पडते. पहिली वेलांटी अधिक वेळ मागते, कारण ‘दिवा’ या शब्दात ती ‘द’च्या आधी दिसते, पण ऐकू नंतर येते. राज्य शासनाच्या 2009 च्या निर्णयाने वर्णमालेत ‘ॲ’ व ‘ऑ’ आल्यामुळे बॅट, बॉल हे शब्दही याच टप्प्यावर रीतसर लिहिता येतात.

सोलापूरच्या पूर्व भागातील विणकर वस्तीत तेलुगू, तर अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील अनेक गावांत कन्नड बोलली जाते. या दोन्ही भाषांतील बहुतेक देशी शब्द स्वरान्त, म्हणजे स्वराने संपणारे, असून त्यांच्या लिपींत अक्षरातला ‘अ’ लिहिला तसाच उच्चारतात. त्यामुळे अशा घरातले मूल ‘घर’ वाचताना शेवटचा ‘अ’ ठेवू शकते. ती चूक अज्ञानाची नसून घरच्या भाषेच्या सवयीची आहे, हे शिक्षकाने ओळखले पाहिजे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ लिहिताना एक, उच्चारताना दोन. हा भेद अक्षर दाखवून समजत नाही, तो ऐकवावाच लागतो. ‘ळ’ मात्र तिन्ही भाषांत असल्याने त्याचा त्रास सहसा होत नाही.

लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न कानाने सुटत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या, शासनाने 1962 मध्ये स्वीकारलेल्या नियमांनुसार अकारान्त (लिहिताना ‘अ’ने संपणाऱ्या) शब्दातील उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, इकार-उकार सामान्यतः दीर्घ असतो आणि सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना बदललेल्या रूपात, तो ऱ्हस्व होतो. मागावरचे ‘सूत’, पण ‘सुताचा’ गुंडा; शेतातला ‘ऊस’, पण ‘उसाचा’ रस. लहान मुलांना नियमाऐवजी अशा जोड्याच द्याव्यात.

श्रुतलेखनात एका वेळी चार-पाच शब्द पुरेत. ‘भाकरी’चे ‘बाकरी’ लिहिणाऱ्या मुलाला महाप्राण (‘भ’सारखा ‘ह’ मिसळलेला उच्चार) ऐकण्याचा सराव हवा, तर ‘सूत’चे ‘सुत’ लिहिणाऱ्याला शब्द पुन्हापुन्हा पाहण्याचा. दोघांना सारखेच दहा वेळा गिरवायला लावण्याने दोघांचाही प्रश्न सुटत नाही. योग्य शब्द खाली लिहून फरक मुलालाच शोधायला सांगावा.